देवांचं बिऱ्हाड

पांढरे कपडे धुऊन झाले की शेवटच्या पाण्यात त्यांना नीळ द्यायची, ही रीत महाराष्ट्रात घरोघरी होती. सदरे, धोतरं, शाळेचे गणवेश निळीच्या बादलीतून निघाल्याशिवाय दोरीवर जात नसत. दुकानातून पुडीत मिळणारी ही नीळ चंपारणच्या शेतातली नव्हे. ती वनस्पतीची. ही भट्टीतली: चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र तापवून केलेलं कृत्रिम अल्ट्रामरीन. ते बनवण्याची कृती ज्यांनी पहिल्यांदा साधली त्यांच्यातला एक होता ज्यां-बातिस्त गिमे हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ. आशियाच्या प्राचीन कलेचं एक थोर संग्रहालय आज पॅरिसमध्ये गिमे या नावाने ओळखलं जातं, ते मुळात या निळीच्या पैशातून उभं राहिलं.

त्याआधी हा निळा रंग मिळायचा लाजवर्द दगड कुटून, आणि उत्तम लाजवर्द यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. युरोपातल्या चित्रकारांना तो फार महाग पडे. मदर मेरीच्या झग्यापुरता खरा निळा वापरायचा आणि बाकी चित्र हलक्या रंगावर भागवायचं, असा हिशेब असे. १८२४ साली पॅरिसमधल्या उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं. गिमेने १८२६ च्या सुमारास कृती साधली, १८२८ मध्ये बक्षीस पटकावलं आणि लिओं शहराजवळ सोन नदीकाठी कारखाना काढला. जर्मनीत क्रिस्तियान ग्मेलिन या प्राध्यापकानेही त्याच सुमारास तेच शोधलं होतं आणि छापूनही टाकलं होतं. श्रेयावरून वाद झाला. गिमेने वाद घातला, पण कृती गुप्त ठेवली, आणि पैसा त्याच्याकडे गेला. अफगाणी दगडाची गरज संपवून आलेला हा पैसा. त्यातून निघालेल्या संग्रहालयाची सर्वात मोलाची दालनं पुढे अफगाणिस्तानच्याच मातीतल्या वस्तूंनी भरावीत, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला अतिरेक म्हटलं असतं.

ज्यां-बातिस्तचा मुलगा एमिल, जन्म १८३६. त्याने कारखाना चालवला आणि चांगला चालवला, पण मन संगीतात आणि धर्मांत. तो स्वतः संगीतरचना करायचा. १८६५ मध्ये इजिप्त पाहून आला आणि तिथल्या देवांनी त्याला झपाटलं. वेगवेगळ्या समाजांनी देव कल्पिले तरी कसे, त्यातून त्यांनी माणसांना कसं वागायला सांगितलं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर आपल्या समाजालाही काही शिकता येईल, असा त्याचा विचार होता. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारक कारखानदाराला शोभणारा. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाचं प्रदर्शन पाहून तो फेलिक्स रेगामे या चित्रकाराला सोबत घेऊन पॅसिफिक ओलांडून जपानला पोहोचला. हातात फ्रेंच शिक्षणमंत्रालयाचं पत्र होतं: पूर्वेकडच्या धर्मांचा अभ्यास करण्यासाठी.

वेळ त्याच्या पथ्यावर पडली. जपानी बौद्धांच्या दृष्टीने ती वाईट होती. १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म अलग करण्याचे आदेश काढले होते. शतकानुशतकं एकाच आवारात नांदलेले देव वेगळे काढले गेले, अनेक ठिकाणी बौद्ध मूर्तींची मोडतोड झाली, मठांच्या जमिनी गेल्या. पोटासाठी मूर्ती विकायला काढलेल्या मठांची जपानमध्ये वाण नव्हती. गिमेने शेकडो मूर्ती आणि चित्रं घेतली. पण नुसता खरेदी करत सुटला नाही. क्योतोमध्ये वेगवेगळ्या पंथांच्या भिक्षूंसमोर बसून, दुभाष्यामार्फत, त्याने प्रश्नांची सरबत्ती लावली. जग कोणी निर्माण केलं? चमत्कार मानता का? मेल्यावर काय होतं? रेगामे बाजूला बसून चित्रं काढत होता.

क्योतोच्या तोजी मठात कूकाई या आचार्याने नवव्या शतकात योजलेला एकवीस मूर्तींचा एक समूह आहे. मधोमध वैरोचन बुद्ध, भोवती इतर बुद्ध, बोधिसत्त्व आणि उग्र रक्षक, आणि दोन टोकांना आपल्या ओळखीचे दोघे: हंसांनी वाहिलेल्या कमळावर बसलेला ब्रह्मा आणि हत्तीवर बसलेला इंद्र. भारतातून चीनमार्गे तिथवर पोहोचून ते बोनतेन आणि ताइशाकुतेन झालेले. मूळ मूर्ती विकाऊ नव्हत्या. गिमेने तिथल्याच मूर्तिकाराकडून लहान आकारात संपूर्ण समूहाची प्रतिकृती करून घेतली. कलासंग्राहक असं करत नाही. प्रतिकृतीला बाजारात किंमत नसते. पण एका धर्मपंथाचा अख्खा नकाशा ज्याला समोर मांडून हवा होता, त्याला अस्सल-नक्कल हा प्रश्न गौण होता.

परतीच्या वाटेवर चीन, सिलोन आणि भारत झाला. १८७९ मध्ये लिओंमध्ये संग्रहालय उघडलं, पण शहराने त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही. दशकभरातच गिमेने सगळं राज्याला देऊ केलं, आणि २३ नोव्हेंबर १८८९ रोजी, आयफेल मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, पॅरिसमध्ये येना चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं संग्रहालय सुरू झालं. कोपऱ्यावर घुमटाचा गोल भाग, आत गोलाकार ग्रंथालय. हे संग्रहालय तेव्हा आशियाई कलेचं नव्हतंच. ते धर्मांचं संग्रहालय होतं, आणि त्यात इजिप्त, ग्रीस, रोम सगळे होते.

आणि ते जिवंत होतं. १८९१ मध्ये जपानी भिक्षूंनी तिथल्या ग्रंथालयात बौद्ध विधी केला. पाहायला पुढे पंतप्रधान झालेला क्लेमांसो होता, चित्रकार देगा होता. १८९८ मध्ये दलाई लामांच्या वर्तुळातला बुर्यात लामा अग्वान दोर्जिएव्ह आला आणि त्यानेही तिथे विधी केला. अलेक्झान्द्रा दाविद-नील, जी पुढे वेश बदलून ल्हासाला पोहोचली, तिला आशियाचं वेड लागलं ते याच ग्रंथालयात. आणि १३ मार्च १९०५ रोजी त्याच गोल खोलीत स्वतः गिमेच्या निमंत्रणावरून एका बाईने 'ब्राह्मणी' नृत्य केलं. ती स्वतःला भारतीय देवळात वाढलेली म्हणवत होती. खरं तर ती हॉलंडची, नवऱ्याबरोबर काही वर्षं जावामध्ये राहिलेली. माता हारी हे तिचं नाव त्या संध्याकाळनंतर पॅरिसभर झालं. पुढे १९१७ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली तिला गोळ्या घातल्या गेल्या. गिमेचं संग्रहालय म्हटलं की लोकांना अजून हीच गोष्ट आधी आठवते. विद्वत्तेच्या देवळात असा तमाशा झाला म्हणून अभ्यासक नाक मुरडतात. मला वाटतं, धर्म हा करून दाखवण्याचा प्रकार आहे हे गिमेला त्यांच्यापेक्षा जास्त कळलं होतं. फक्त खरं-खोटं पारखण्यात तो या वेळी फसला.

गिमे १९१८ मध्ये गेला आणि त्याची कल्पना हळूहळू मोडीत निघाली. संग्रहालय सरकारी कलासंग्रहालयांच्या व्यवस्थेत आलं. १९४५ मध्ये झॉर्ज साल या अधिकाऱ्याने फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहांची मोठी फेरवाटणी केली: गिमेमधलं इजिप्त लुव्रला गेलं, आणि लुव्रमधल्या आशियाई वस्तू गिमेकडे आल्या. चिनी मातीच्या भांड्यांचा ग्रांदिदिए संग्रह आला, शांग काळातला, सोंड वर उचललेला हत्तीच्या आकाराचा कांस्याचा कुंभ आला. पॉल पेलिओने १९०८ मध्ये दुनहुआंगच्या गुहेतून आणलेल्या रेशमावरच्या बौद्ध चित्रांचं घरही आता हेच. संग्रह श्रीमंत झाला. पण प्रश्न बदलला. हा देव काय सांगतो, असं आता कोणी विचारत नव्हतं. कुठल्या शतकाचा, कुठल्या शैलीचा, अस्सल की नक्कल, हे विचारलं जाऊ लागलं. या नव्या मांडणीत तोजीच्या त्या प्रतिकृतीला जागा उरली नाही. गिमेच्या जपानी मूर्ती पुन्हा नीट लोकांसमोर आल्या त्या १९९१ मध्ये, जवळच्याच एका जुन्या वाड्यात.

दुसरं एक बिऱ्हाड याआधीच येऊन मिळालं होतं, कंबोडियाचं. लुई दलापोर्त हा नौदलातला अधिकारी, हात चित्रकाराचा. मेकाँग नदीचा मार्ग शोधायला निघालेल्या १८६६ ते १८६८ च्या फ्रेंच मोहिमेत त्याने अंगकोर पाहिलं आणि १८७३ मध्ये केवळ शिल्पं आणण्यासाठी तो परत गेला. अंगकोरचा परिसर त्या काळी सयामच्या ताब्यात होता. कंबोडियाला तो परत मिळाला १९०७ मध्ये. दलापोर्तने कंबोडियाच्या राजासाठी बदल्यात द्यायला फ्रान्सहून कलावस्तू नेल्या होत्या. याला विनिमय म्हणायचं की सौजन्याने केलेली लूट, हे वाचकाने ठरवावं. दोन्ही बाजूंची ताकद सारखी नव्हती एवढं नक्की. दलदलीतून, तराफ्यांवरून दगड वाहून आणले आणि पॅरिसला पोहोचल्यावर लुव्रने ते घ्यायला नकार दिला. कॉम्पिएन्यच्या राजवाड्यात, मग त्रोकादेरोच्या इमारतीत असं करत ती शिल्पं शेवटी गिमेमध्ये आली.

दलापोर्तने शिल्पांबरोबर प्लास्टरचे साचेही आणले होते, अंगकोरच्या भिंतींवरून थेट उतरवलेले, काही तर भिंतभर मोठे. कलासंग्रहालयाला साचे नको होते. तळघरांतून तळघरांत फिरत ते १९७३ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या एका जुन्या मठाच्या ओलसर कोठारात जाऊन पडले आणि कुजत राहिले. दरम्यान अंगकोरमध्ये पाऊस, शेवाळ, युद्ध आणि चोर आपापलं काम करत होते. मूळ दगडावरून जे तपशील पुसले गेले ते काही ठिकाणी फक्त या साच्यांवर उरले आहेत, हे लक्षात आलं तेव्हा साच्यांची किंमत कळली. ते परत आणले, साफ केले, आणि २०१३ मध्ये गिमेमध्ये दलापोर्तवरचं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यांतले पुष्कळसे पहिल्यांदाच इतक्या वर्षांनी लोकांनी पाहिले. नक्कल म्हणून अडगळीत टाकलेली वस्तू पुरावा म्हणून बाहेर आली.

१९९० पर्यंत ही सगळी भर एका शतकापूर्वी वेगळ्याच हेतूने बांधलेल्या इमारतीत कोंबली गेली होती. वेळोवेळी घातलेल्या भिंती, खोटी छतं, बंद केलेल्या खिडक्या यांनी आत काळोख केला होता. १९९६ मध्ये नूतनीकरणासाठी दारं बंद झाली ती जानेवारी २००१ मध्ये उघडली. काम आँरी गोदँ आणि ब्रुनो गोदँ या पिता-पुत्र वास्तुरचनाकारांचं. पॅरिसचं शार्लेती स्टेडियम हे त्यांचं आधीचं गाजलेलं काम. मैदान बांधणाऱ्या माणसांना देवांची घरं द्यायची ही कल्पनाच धाडसाची. त्यांनी दर्शनी भाग, गोल घुमट आणि ग्रंथालय तसंच ठेवलं आणि आतला भराव काढून टाकला. उजेड वरून आत घेतला. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावरचं काही दिसावं, एका दालनात उभं असताना पुढच्या दालनातल्या मूर्तीचा खांदा डोळ्यांत यावा, अशा मोकळ्या जागा काढल्या.

आपल्याकडे याच्या उलट वाट धरलेलं उदाहरण आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं. २००३ मध्ये सुरू झालेल्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि तिथे आग्रह होता तो १८७२ ची इमारत जशीच्या तशी परत मिळवण्याचा: ते रंग, तो सोनेरी मुलामा, त्या लाकडी कपाटांच्या रांगा. भाऊ दाजींमध्ये इमारत हीच सर्वात मोठी प्रदर्शित वस्तू आहे, म्हणून ते योग्यच होतं. गिमेमध्ये जुनी मांडणी परत आणायची म्हटलं असतं तर गिमेचा धर्मांचा प्रश्नही परत आणावा लागला असता, आणि ते धाडस कोणी केलं नाही. याबद्दल मला थोडी हळहळ वाटते. पण गोदँ यांचा उजेड पाहिल्यावर तक्रार करणं जड जातं.

त्या काळात संग्रहालयाचे प्रमुख होते ज्यां-फ्रान्स्वा जारिज. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या तोंडाशी मेहरगढला १९७४ पासून उत्खनन करून सिंधू संस्कृतीच्या कितीतरी आधीची शेतकरी वस्ती जगापुढे आणणारे तेच. आयुष्य मातीच्या थरांत घालवलेल्या माणसाच्या देखरेखीखाली झालेलं हे काम. म्हणून त्यात भपका कमी आहे.

आत शिरताच समोर येतो तो नाग. अंगकोरच्या प्रेआ खान या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना देव आणि दानव नागाचं अंग धरून ओढत आहेत, अशी कठड्याची रचना होती. समुद्रमंथन तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. दलापोर्तने आणलेला त्या कठड्याचा फणा उभारलेला तुकडा दारातच आहे. मागे मधल्या चौकात वरच्या उजेडात ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, शिल्पांचं दालन पसरतं. तिथे सातव्या जयवर्मनचं मस्तक आहे: डोळे मिटलेले, ओठांवर हसू म्हणावं की न म्हणावं असं. बाराव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या याच राजाने बायोनचं मंदिर बांधलं, आणि त्याच्या काळातल्या एका शिलालेखात राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांची नोंद आहे. मुकुट नाही, दागिना नाही. केस मागे बांधलेले. राजाने स्वतःला तपस्वी म्हणून घडवून घेतलं आहे.

मला या दालनात सर्वात मोलाचा वाटतो तो बांतेय स्रेईच्या मंदिरावरचा एक त्रिकोणी शिल्पपट. ९६७ मधलं हे मंदिर, यज्ञवराह नावाच्या ब्राह्मणाने बांधवलेलं, गुलाबी वालुकाश्माचं. पटावर दोन असुर गदा उगारून एकमेकांवर तुटून पडले आहेत आणि मधे एक स्त्री. हे सुंद आणि उपसुंद, आणि ती तिलोत्तमा. आदिपर्वात नारद ही गोष्ट पांडवांना सांगतो: जिवाला जीव देणारे दोन भाऊ, एका स्त्रीपायी भांडून मेले, तेव्हा तुम्ही पाचजण द्रौपदीबाबत काही नियम ठरवून घ्या. म्हणजे महाभारतातल्या एका घरगुती सल्ल्याचं दगडी चित्र. दहाव्या शतकातल्या ख्मेर शिल्पकाराने हे मंदिरावर कोरलं, त्या अर्थी त्याच्या प्रेक्षकांना ती गोष्ट तोंडपाठ होती. पॅरिसच्या प्रेक्षकाला तिथली पाटी वाचावी लागते. मराठी माणसाला ती लागत नाही, आणि परक्या गावात ही मिजास क्वचितच करता येते.

बांतेय स्रेईची आणखी एक गोष्ट आहे. १९२३ च्या अखेरीस आंद्रे मालरो या तरुण फ्रेंच लेखकाने तिथल्या देवतांची शिल्पं करवतीने कापून पळवली. फ्नॉम पेन्हला पकडला गेला, खटला झाला, शिल्पं जागेवर परत बसवली गेली. हाच मालरो १९५९ मध्ये फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. गिमेमधला सुंद-उपसुंदाचा पट मात्र १९३६ मध्ये रीतसर, वसाहतीतल्या फ्रेंच संशोधन संस्थेकडून आलेला. चोरी आणि रीतसर यांच्यातला फरक त्या काळी कागद कोणाच्या हाती होता यावर ठरत असे.

काही गोष्टी परत जातातही. फ्नॉम दा इथल्या सातव्या शतकातल्या हरिहराच्या मूर्तीचं मस्तक १८८० च्या दशकात फ्रेंचांनी आणलं. धड कंबोडियात राहिलं. जानेवारी २०१६ मध्ये गिमेने हे ४७ किलोचं मस्तक फ्नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाठवलं आणि ते धडावर बसवलं गेलं. अर्धा विष्णू, अर्धा शिव असलेला देव, त्याची आणखी एक वाटणी सव्वाशे वर्षं टिकली होती. आश्रम महा रोसेईचा दुसरा हरिहर पॅरिसमध्येच आहे.

भारताची दालनंही तळमजल्यावरच. मथुरेचा नागराजा, अमरावतीचे चुनखडी पट, तमिळनाडूचा अकराव्या शतकातला कांस्य नटराज. सगळं उत्तम. पण खरं सांगायचं तर ज्याने मुंबई, दिल्ली आणि चेन्नईची संग्रहालयं पाहिली आहेत त्याला इथे अडकून राहायचं कारण नाही. अपवाद कृष्णा रिबू यांच्या वस्त्रसंग्रहाचा. ढाक्यात जन्मलेल्या, ठाकूर घराण्याशी नातं असलेल्या या बंगाली विदुषीने पॅरिसमध्ये आयुष्यभर आशियाई वस्त्रं जमवली, अभ्यासली आणि गिमेला दिली.

वरच्या मजल्यावर अफगाणिस्तान. १९२२ मध्ये आल्फ्रेद फूशे या पंडिताने काबूलच्या सरकारशी करार केला: अफगाणिस्तानात उत्खननाचा हक्क फ्रेंचांना, आणि सापडलेल्या वस्तूंची दोघांत वाटणी. जलालाबादजवळच्या हद्द्याहून चुन्याच्या लगद्याची शेकडो बौद्ध शिल्पं निघाली. ग्रीक चेहऱ्यांचे भिक्षू, दाढीवाले परदेशी, वस्त्राच्या ओच्यात फुलं घेऊन उभा असलेला एक तरुण देवदूत. यातलं बरंचसं हातात मावेल एवढं, आणि इतकं माणसाळलेलं की इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातलं आहे हे मनाला पटवावं लागतं.

पण हद्द्यापेक्षाही थक्क करतं ते बेग्राम. काबूलच्या उत्तरेला, पुढे ज्याच्या शेजारी मोठा लष्करी विमानतळ झाला तेच. कुशाणांच्या या जुन्या नगरात जोझेफ हाकँ आणि त्यांची पत्नी रिया यांना १९३७ आणि १९३९ मध्ये दोन खोल्या सापडल्या. दारं विटांनी बंद केलेली. आत एकावर एक रचलेलं: भूमध्य समुद्राकडची रंगवलेली काच, रोमन नमुन्यांचे प्लास्टरचे गोल ठसे, कांस्याच्या छोट्या मूर्ती, चीनमधले लाखेचे वाडगे, आणि भारतीय हस्तिदंत. ढिगाने हस्तिदंत. खुर्च्या-मंचकांना जडवलेल्या पट्ट्या, त्यांचं लाकूड केव्हाच कुजून गेलेलं. तोरणांखाली उभ्या स्त्रिया, आरशात पाहणाऱ्या, पोपटाशी बोलणाऱ्या, केस पिळणाऱ्या. रोम, चीन आणि भारत एका कोठीत. राजाचा खजिना की व्यापाऱ्याचं गोदाम, यावर विद्वान अजून भांडतात. मला गोदाम पटतं: ठसे म्हणजे कारागिराला दाखवायचे नमुने, ते राजाला कशाला हवेत? पण खोल्या विटांनी बुजवून पळून जाणारा कोण होता आणि कोणाच्या भीतीने, याचं उत्तर दोन्ही पक्षांकडे नाही.

वाटणी ठरल्याप्रमाणे झाली. अर्धं काबूलला, अर्धं गिमेमध्ये. हाकँ गिमेचेच अधिकारी होते. युद्धात फ्रान्स पडल्यावर पती-पत्नी दोघंही द गॉलच्या बाजूला गेले आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांचं जहाज पाणतीराने बुडालं. बेग्रामच्या शेवटच्या खोदाईचा अहवाल सहकाऱ्यांनी पुढे पुरा केला.

मग काबूलचा अर्धा वाटा. १९९३ मध्ये मुजाहिदीनांच्या आपसातल्या लढाईत काबूल संग्रहालयावर रॉकेट पडलं, छत जळालं, लूट झाली. बेग्रामची हस्तिदंतं चोरबाजारात गेली. त्यांतली वीस पुढे लंडनमधल्या एका अनाम दात्याने विकत घेऊन सोडवली आणि ती २०१२ मध्ये काबूलला परतली. हद्द्याची मूळ जागा युद्धात उद्ध्वस्त झाली. पॅरिसमध्ये गोदँ यांचं नूतनीकरण पूर्ण होऊन दारं उघडली जानेवारी २००१ मध्ये. मार्चमध्ये तालिबानने बामियानचे बुद्ध सुरुंगाने उडवले. नव्याने रंगवलेल्या अफगाण दालनातली शिल्पं दोन महिन्यांत वेगळीच दिसू लागली. 'बरं झालं इथे आणली' असं म्हणणं तेव्हा फार सोपं झालं, आणि अनेकांनी म्हटलंही. हे अफगाणिस्तानपुरतं खरं आहे. कंबोडियाच्या बाबतीत तेच वाक्य वापरणाऱ्यांनी फ्नॉम दाचा हरिहर आठवावा. तिथे धड सुखरूप होतं, नव्हतं ते मस्तक.

शिवाय काबूलकरांनी स्वतःही वाचवलं होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संग्रहालयाच्या काही कर्मचाऱ्यांनी मोलाच्या वस्तू पेटाऱ्यांत भरून राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातल्या मध्यवर्ती बँकेच्या तळघरात ठेवल्या. मग गृहयुद्ध आलं, तालिबान आले, पगार थांबले. गुपित ज्यांना माहीत होतं त्यांनी तोंड उघडलं नाही. २००३ मध्ये सरकारने ठेवा सुरक्षित असल्याचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी पेटारे फोडले गेले. त्यात बाख्त्रियाच्या कबरींमधलं सोनं होतं आणि बेग्रामही. डिसेंबर २००६ मध्ये हा ठेवा पहिल्यांदा जगाला दाखवला गेला तो गिमेमध्येच. १९३० च्या दशकात वाटून गेलेल्या बेग्रामच्या दोन्ही वाट्यांतल्या वस्तू त्या हिवाळ्यात काही महिने एकाच छपराखाली होत्या. एप्रिलमध्ये काबूलच्या पेट्या पुढच्या प्रवासाला निघाल्या.

या हस्तिदंतांचे कारागीर कुठले, मथुरेचे, विदिशेचे की दख्खनचे, हे ठरलेलं नाही. सांचीच्या एका तोरणावर, तिथलं कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचा लेख आहे, म्हणून पुष्कळांचा कौल तिकडे जातो. पण एक धागा मराठवाड्यातून निघतो. १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, म्हणजे इसवी सन ७९ च्या आधी तिथे पोहोचलेली. बेग्रामच्या स्त्रियांशी तिचं नातं चटकन दिसतं. तिच्या अगदी जवळच्या मूर्ती आतापर्यंत दोन ठिकाणी सापडल्या: जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये तिथल्या लोकांची नावं कोरलेली आहेत. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी केलेल्या भोकरदनच्या उत्खननाचा अहवाल १९७४ मध्ये निघाला. तेर म्हणजे तगर, सातवाहन काळातली मोठी पेठ, जिथून माल भडोचला आणि तिथून रोमकडे जायचा. तिथली मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावात आणि शेतांत जमवलेल्या संग्रहातली. हा संग्रह आता तेरमध्येच सरकारी संग्रहालय म्हणून आहे, गोरोबाकाकांच्या देवळाला जाणाऱ्याला वाट वाकडी न करता पाहता येईल असा.